खोडे गुरुजी एक बाजू घेतात

सौंसरच्या जयवंतराव खोडे गुरुजींनी उभ्या आयुष्यात कधी कोणाची बाजू घेतली नव्हती, आणि या एका गुणावर त्यांचं फार छान चाललं होतं. संत्र्याच्या बगीच्याच्या वाटणीवरून भाऊ-भाऊ हातघाईवर आले, की गुरुजींना बोलावणं यायचं. साक्षगंधाच्या बैठकीत दोन्हीकडचे पाहुणे तोंड फुगवून बसले, की पुन्हा गुरुजी. गुरुजी जायचे, चहा घ्यायचे, यंदा बहार कसा आहे ते विचारायचे, त्या घरातल्या गेलेल्या म्हाताऱ्यांची आठवण काढायचे, दुसरा चहा घ्यायचे, आणि मग एकाला म्हणायचे, "तुमचं बराबर आहे." दुसऱ्याला म्हणायचे, "तुमचंबी काही गलत नाही." तोवर लोक इतके दमलेले असायचे की मुकाट्यानं घरी जायचे. दमलेला माणूस भांडत नाही, हे गुरुजींच्या यशाचं खरं इंगित होतं, पण ते खुद्द गुरुजींनाही ठाऊक नव्हतं.

अशा माणसावर इंग्रजीत वाद घालणारा निबंध लिहायची पाळी आली. देवाला विनोदबुद्धी आहे असं म्हणतात ते उगाच नाही.

झालं असं, की गुरुजींच्या मराठी शाळेत पोरं कमी आणि गुरुजन जास्त झाले. वरच्या कार्यालयानं जास्तीच्या शिक्षकांची यादी काढली आणि सोबत एक सवलतही काढली. पांढुर्ण्याला इंग्रजीचा एक वर्ग भरेल. तो जो पास करील त्याला सौंसरातच नव्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गावर घेऊ. जो पास करणार नाही त्याची बदली सातपुड्यात पार वरच्या अंगाला, जिथं बस जाते पण परत यायची हमी घेत नाही. गुरुजींच्या बायकोची, सुनंदाबाईंची, सौंसरात अंगणवाडी होती; ती सोडून त्या येणं शक्य नव्हतं. गुरुजींना स्वयंपाकातलं फक्त जेवण यायचं. आणि शिवाय भिवाजीभाऊ होते.

भिवाजीभाऊंचं घर बाजाररस्त्यावर, गुरुजींच्या गल्लीच्या तोंडाशी. रोज संध्याकाळी ते गुरुजींच्या ओसरीवर येऊन बसत आणि बोलत. गुरुजी ऐकत. दोन म्हातारपणाकडे झुकलेल्या माणसांना याहून जास्त काय पाहिजे असतं? बदलीचा विचार आला की गुरुजींच्या डोळ्यांपुढं आधी सुनंदाबाई यायच्या, मग त्यांच्या हातची वांग्याची भाजी, आणि लगेच पाठोपाठ भिवाजीभाऊ. हा क्रम त्यांनी बायकोला सांगितला नव्हता, कारण भाजी आणि भिवाजीभाऊ यांच्यात कधीकधी अदलाबदल व्हायची.

तर गुरुजी पांढुर्ण्याला जाऊ लागले. शिकवायला अमृता मॅडम होत्या, गुरुजींच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एकेक विषय वाटला आणि सांगितलं, की शेवटच्या दिवशी याच विषयावर निबंध लिहून सगळ्यांसमोर वाचायचा, हीच परीक्षा. गुरुजींच्या वाट्याला आलं, 'आठवडी बाजार गावाबाहेर हलवावा का?'

गुरुजींनी पहिला खर्डा मन लावून लिहिला. सुरुवातीला सौंसरची हवा. मग संत्री. मग बाजार ही मानवाची फार जुनी गरज असल्याबद्दल दोन शब्द. मग वाचकाच्या घरी सर्व कुशल असेल अशी आशा. शेवटून दुसऱ्या ओळीत बाजार हलवण्याचा प्रश्न आला, आणि शेवटच्या ओळीत सर्वांनी एकत्र बसून चहा घ्यावा असं सुचवलं होतं.

मॅडमनी वाचलं, पान उलटून मागं काही आहे का पाहिलं. "सर, तुमचा मुद्दा पहिल्या परिच्छेदात पाहिजे. पहिल्या दोन-तीन ओळीत सांगून टाका, हलवावा की नाही."

"एकदम?" गुरुजी दचकले. "मॅडम, समोरचा माणूस अजून बसलाबी नाही, अन् मुद्दा काढायचा? तो काय म्हणंल? याच्या घरी काही वळण नाही काय म्हणंल."

"इंग्रजीत वळण असंच आहे, सर. आणि 'मी' लिहा. तुम्ही सगळीकडे 'आम्ही लोक' लिहिलंय. मला तुमचं मत पाहिजे, लोकांचं नाही."

गुरुजी परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर पाहत बसले. सगळ्या वाक्यांच्या आधी 'मी' लावायचा, तोही इंग्रजीत नेहमी मोठ्या अक्षरात लिहायचा, हे त्यांना संस्कारांच्या विरुद्ध वाटत होतं. त्यांच्या वडिलांनी त्यांना 'मी मी' केलं म्हणून एकदा पाटीनं मारलं होतं. आता सरकार त्याचेच गुण देणार होतं.

ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. गल्लीत भूपेंद्र डिगरसे नावाचा होतकरू इसम होता, त्याचा इंग्रजीचा कोचिंग क्लास होता. तो स्वतः होऊन आला. "सर, तुम्ही कायले टेन्शन घेऊन राहिले? आपल्यापाशी रेडीमेड माल आहे. सुरुवात करायची, 'एव्हरी कॉईन हॅज टू साईड्स.' हे वाक्य कुठंबी बसते. मोबाईल असो, गाय असो, बाजार असो."

नाण्याला दोन बाजू असतात हे ऐकून गुरुजींना परक्या मुलखात आपल्या गावचा माणूस भेटल्यासारखं झालं. भूपेंद्रनं आणखी काही जोडशब्द दिले, 'हाउएव्हर', 'मोरओव्हर', 'ऑन द अदर हँड', आणि सांगितलं, की चिवड्यात शेंगदाणे टाकतात तसे टाकत जायचे. गुरुजींनी टाकले. पुढच्या वेळी मॅडमनी तांबड्या शाईनं एवढंच लिहिलं, "सर, 'दुसऱ्या हाताला' असं चार वेळा आलंय. एकूण हात किती?"

मग मॅडमनी विरुद्ध पक्षाचं म्हणणं मांडून त्याला उत्तर द्यायला सांगितलं. गुरुजींनी विरुद्ध पक्ष इतक्या आदरानं, इतक्या आपुलकीनं मांडला की वाचून मॅडमना तोच पटला, आणि उत्तर लिहायला गुरुजींचा हात धजेना. घरी आलेल्या माणसाचं म्हणणं ऐकून घेऊन त्यालाच पाडायचं, हे त्यांना बोलावून अपमान करण्यासारखं वाटे.

"पुरावा आणा, सर," शेवटी मॅडम म्हणाल्या. "लोकांना विचारा. बाजारात जा. मग आपोआप मत होईल."

हा सल्ला तसा निरुपद्रवी होता. पण खोडे गुरुजी कागद घेऊन बाजारात उभे राहतात आणि भाजीवाल्यांना विचारतात, "बाजार हलला तं तुमाले काय वाटंन?" याचा सौंसरात एकच अर्थ निघू शकत होता. संध्याकाळपर्यंत गावाला पक्कं कळलं, की बाजार हायवेकडे जाणार, वरून हुकूम आला आहे, आणि फैसला खोडे गुरुजींवर सोडला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधूभाऊ आले. चिंधूभाऊ बाजारातले जुने भाजीवाले. त्यांचं पाल बापाच्या काळापासून एकाच जागेवर लागत आलं होतं. सोबत पाच-सहा बाया आणि कोथिंबिरीची जुडी होती. "गुरुजी, हायवेवर कोण येईन? म्हातारे लोक येतीन काय? तुम्ही आमच्या बाजूनं लिहा."

"तुमचं बराबर आहे," गुरुजी सवयीनं म्हणाले.

संध्याकाळी भिवाजीभाऊ आले, पण आज ते ओसरीवर टेकले नाहीत. "गुरुजी, तुमाले तं मालूम आहे. बाजाराच्या दिवशी मले माझ्याच घरात घुसता येत नाही. दाराले त्या चिंधूचं पाल, अन् ओट्यावर मुळे. तुम्ही लिहून राहिले तं हलवाच म्हणून लिहा. आपला माणूस लिहून राहिला, याच्याहून चांगला मौका नाही भेटायचा."

"तुमचंबी काही गलत नाही," गुरुजी म्हणाले, आणि आपण काय केलं हे त्यांना भिवाजीभाऊ गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाल्यावर कळलं. आता दोन्ही पक्ष गुरुजी आपल्या बाजूनं लिहीत असल्याचं गावभर सांगत फिरत होते.

एवढ्यावर भागलं असतं, पण कुठल्याशा कार्यालयातून गुरुजींना कागद आला. आपण विनापरवानगी सर्वेक्षण करत असल्याचं निदर्शनास आलं आहे, तरी याबाबत आपला पक्ष लेखी स्पष्ट करावा. गुरुजी डोक्याला हात लावून बसले. मॅडमना पक्ष पाहिजे, भाजीवाल्यांना पाहिजे, शेजाऱ्याला पाहिजे, आता साहेबांनाही पाहिजे. त्यांनी त्या कागदाला आपल्या अस्सल पद्धतीनं उत्तर लिहिलं, हवापाण्यापासून सुरुवात करून. साहेबांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं म्हणतात, आणि 'समाधानकारक' असा शेरा मारून प्रकरण बंद केलं. गुरुजींना फार वाईट वाटलं. जगात आपल्या लिखाणाची कदर करणारी जागा एकच, आणि तिथं गुण मिळत नाहीत.

त्या रात्री जेवताना सुनंदाबाई म्हणाल्या, "अहो, चिंधूभाऊ काय म्हणते ते समजलं, भिवाजीभाऊ काय म्हणते ते समजलं. तुमाले सोताले काय वाटते?"

गुरुजींनी घास हातातच धरला. त्यांना हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी आत शोध घेतला. आत चिंधूभाऊंचं मत होतं, भिवाजीभाऊंचं होतं, शेजाऱ्यांची, पाहुण्यांची, मेलेल्या म्हाताऱ्यांची मतं होती, फक्त त्यांचं स्वतःचं काही सापडेना. पाहुण्यांच्या गर्दीत घरच्याला झोपायला जागा नसावी तसं झालं होतं. बावन्न वर्षांच्या माणसाला हे कळणं काही सुखाचं नाही.

"पाहतो," ते म्हणाले.

"पाहा," सुनंदाबाई म्हणाल्या. "अन् लवकर पाहा. तुमाले तिकडं डोंगरात पाठवलं तं मी इथं एकटी कोणासंगं बोलू?" आणि त्या आपलं ताट उचलून आत गेल्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गुरुजी कागद न घेता पिशवी घेऊन गेले. वांगी निवडता निवडता त्यांना पाच-सहा जणांनी हटकलं. एकीनं मुलीच्या बाळंतपणाची खबर सांगितली, एकानं जुना विद्यार्थी म्हणून पाया पडून दोन टमाटे जास्त टाकले. एक म्हातारी काठी टेकत आली, पाव किलो भाजी घ्यायला तिनं अर्धा बाजार पालथा घातला आणि खुशीत परत गेली. गुरुजींनी हा बाजार हायवेच्या कडेला नेऊन पाहिला, मनातल्या मनात. तिथं म्हातारी दिसेना. आपणही दिसेना. त्यांना एकदम कळलं, की बाजार इथंच राहावा असं आपल्याला वाटतं, अगदी मनापासून वाटतं. मत सापडल्याचा आनंद त्यांना बाजाररस्त्याच्या टोकापर्यंत पुरला. तिथं भिवाजीभाऊंचं घर होतं.

परीक्षेच्या दिवशी पांढुर्ण्याच्या बसमध्ये गुरुजी चढले तर आत चिंधूभाऊ आणि भिवाजीभाऊ दोघंही हजर. फैसला आज वाचून दाखवणार, हे गावाला कळलेलं होतं. चिंधूभाऊंनी उजवीकडे शेजारच्या सीटवर दुपट्टा टाकून जागा धरली होती. भिवाजीभाऊंनी डावीकडे रुमाल टाकला होता. दोघंही म्हणाले, "या गुरुजी."

"सर, बसा ना, दोन जागा खाली आहेत," कंडक्टर म्हणाला.

"बराबर आहे," गुरुजी म्हणाले आणि मधला दांडा धरून पांढुर्ण्यापर्यंत उभे राहिले.

निबंध लिहायला त्यांना फारसा वेळ लागला नाही. मग ते वाचायला उभे राहिले. समोर मॅडम, इतर शिक्षक, मागच्या बाकावर चिंधूभाऊ आणि भिवाजीभाऊ, आणि त्यांच्या मधे मदतीला म्हणून आलेला भूपेंद्र. गुरुजींनी घसा साफ केला आणि पहिलं वाक्य वाचलं, "आय स्ट्राँगली बिलीव्ह..."

आणि एक नवल घडलं. काहीच दुखलं नाही. बाजार हलवू नये, हे त्यांनी पहिल्याच ओळीत सांगून टाकलं आणि आभाळ कोसळलं नाही. इंग्रजीत भिवाजीभाऊ नव्हतेच, नुसते 'सम पीपल' होते. 'सम पीपल' काही संध्याकाळी ओसरीवर येत नाहीत, त्यांच्या मुलीच्या लग्नात आपण वाढपी नसतो. 'सम पीपल'ना उत्तर देणं फार सोपं होतं. गुरुजींचा आवाज चढत गेला, हात आपोआप वर गेला, दुसरा आणि तिसरा मुद्दा त्यांनी टेबलावर बोट आपटून मांडला. आयुष्यभराचं साठलेलं ते पोटभर बोलून घेत होते, आणि तेही कोणाचं मन न दुखवता, कारण मागच्या बाकावरच्या त्या दोघांना काही कळत नव्हतं.

वाचून झालं. मॅडम हसत हसत गुण लिहू लागल्या. गुरुजींनी दुरूनच पाहिलं, पास होते. मागून टाळ्या वाजल्या. चिंधूभाऊ वाजवत होते आणि भिवाजीभाऊही वाजवत होते, तितक्याच जोरात.

"वा गुरुजी," भिवाजीभाऊ उभे राहून म्हणाले. "काय दणकावून बोलले! आता आमाले मराठीत सांगा, काय फैसला केला?"

भूपेंद्र तत्परतेनं उठला. "मी सांगतो ना. सर म्हणून राहिले, का बा, नाण्याले दोन बाजू असतात. तुमचंबी बराबर, यांचंबी बराबर."

दोन्ही म्हाताऱ्यांनी समाधानानं माना हलवल्या. गुरुजींकडेच पाहत ते थांबले. नुसती मान हलवायची होती. गुण तर कधीच मिळालेले होते, कागद मॅडमच्या फायलीत गेला होता, आणि सौंसरात तो वाचून पाहणारं कोणी नव्हतं. गुरुजींना ती मान हलवायची फार इच्छा झाली. पण नुकतंच हाताला लागलेलं आपलं एकुलतं एक मत भूपेंद्रच्या रेडीमेड मालाखाली गाडलं जाताना त्यांना पाहवेना.

"नाही," गुरुजी म्हणाले. "असं नाही म्हटलं मी. बाजार आहे तिथंच राहिला पाहिजे, असं म्हटलं. भिवाजीभाऊ, मले तसंच वाटते."

मराठीत ते फार मोठ्यानं ऐकू आलं. चिंधूभाऊंनी पुन्हा टाळी वाजवायला हात उचलले आणि भिवाजीभाऊंचा चेहरा पाहून खाली घेतले. भिवाजीभाऊंनी टोपी नीट केली, रुमाल खिशात घातला आणि बाहेर पडून आधीची बस धरली. परतीला गुरुजींना बसायला ऐसपैस जागा मिळाली, पण त्यांना ती नको होती.

बदली टळली. सुनंदाबाईंनी गल्लीत पेढे वाटले, डोळे पुसत पुसत हसल्या. गुरुजीही हसले. पण संध्याकाळी सुनंदाबाईंनी सवयीनं तीन कप चहा केला, आणि तिसरा निवून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. ज्या ओसरीसाठी माणूस सौंसरला चिकटून राहिला, ती आता मोकळी पडली होती. गुरुजी दाराकडे पाहत बसत. चपलांचा आवाज आला की सावरून बसत, आणि तो दूधवाला निघे.

"जा ना मग तुम्हीच," सुनंदाबाई म्हणाल्या.

"काय म्हणू जाऊन?"

"ते मले नोका इचारू. तुमचं तोंड आता चांगलं चालते."

गुरुजी निघाले, आणि नेमका बाजाराचा दिवस होता. भिवाजीभाऊ समोर ओट्यावर बसलेले दिसत होते, पण मधे चिंधूभाऊंचं पाल, त्यापुढं कांद्याची रास, त्यापुढं मुळे. इतकी वर्षं गुरुजी या बाजारात गिऱ्हाईक म्हणून आले होते. त्यातून कोणाच्या दारापर्यंत जाऊन पाहिलं नव्हतं. त्यांनी पालाच्या दोरीखालून वाकून पाहिलं, टोपी अडकली. कांद्यांना वळसा घातला तर पुढं एक बाई तराजू घेऊन ठाण मांडून बसलेली. शेवटी एक पाय मुळ्यांच्या अलीकडे आणि एक पलीकडे अशा अवस्थेत ते अडकून पडले. 'रस्त्यावरच्या घरांना बाजाराचा काही त्रास नाही' हा दुसरा मुद्दा आपण निबंधात किती हलकेपणानं लिहिला होता ते त्यांना आठवलं आणि लाज वाटली.

"भिवाजीभाऊ," ते तिथूनच म्हणाले, "मी काय म्हणतो, माझं जरा..."

भिवाजीभाऊंनी हात वर केला. "थांबा. पलटू नोका."

"नाही, पण हे पाहून मले वाटून राहिलं..."

"पलटू नोका म्हणतो ना! चार दिवस झाले, घरी बसून तुमचे तिन्ही मुद्दे त्या भूपेंद्रापासून समजून घेतले. तिन्ही गलत आहेत. मी जवाब तयार करून बसलो, अन् आता तुम्ही पलटून राहिले? इतके सालं तुमच्या घरी चहा पेलो, गुरुजी, पण तुमाले काय वाटते ते मले कधी समजलं नाही. घरी येऊन बायकोले म्हणो, भिंतीसंगं बोलून आलो. मले राग आला होता, खोटं कायले सांगू. पण निदान मालूम तं पडलं, का तिथं माणूस बसला आहे. या वरते."

त्यांनी वाकून हात दिला. गुरुजी मुळ्यांवरून ओढले जाऊन ओट्यावर आले आणि भिवाजीभाऊंच्या शेजारी, मुळ्यांना पाठ लावून बसले. मग दोघं भांडायला लागले ते पार दिवेलागणीपर्यंत. दुसऱ्या मुद्द्यावर गुरुजी हरले आणि त्यांनी ते कबूलही केलं. पहिल्यावर भिवाजीभाऊंचा आवाज इतका चढला की चिंधूभाऊ पालातून डोकं काढून पाहून गेले. तिसऱ्या मुद्द्याला भिवाजीभाऊंनी दोन लांबलचक दाखले दिले, आणि ते संपेपर्यंत गुरुजी शांतपणे थांबले.

"नाही, भिवाजीभाऊ," ते म्हणाले. "हे तुमचं साफ चुकते."

भिवाजीभाऊंचा चेहरा खुलला. त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली आणि मांडी ठोकून नीट बसले.